टीटीजी अडकून बसलंय – घरात ग्लूटेन शिरतंय तरी कुठून?

शेवंती

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज डोकं चालेनासं झालं म्हणून लिहायला बसले.

लेक ९ वर्षांची. १४ महिन्यांपूर्वी सीलिएक निघाला (ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, तो आजार). तेव्हा टीटीजी-आयजीए (रक्तातली या आजाराची प्रतिपिंडं) नॉर्मलच्या दहापटीच्याही वर होतं. दुसऱ्यांदा रक्त घेऊन ईएमए ही प्रतिपिंडांचीच दुसरी तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. त्यामुळे दुर्बिणीने आतड्याचे तुकडे काढून बघायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून ग्लूटेन असलेलं धान्य, म्हणजे गहू, बार्ली, राय बंद. पहिल्या सहा महिन्यांत आकडा सरसर उतरला. पोट फुगायचं थांबलं, अंग धरलं, शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच आडवी व्हायची, ते बंद झालं. आम्ही खूश.

मग गाडी अडली. नवव्या महिन्यात केलेल्या तपासणीत नॉर्मलच्या चौपट, आणि परवाच्या तपासणीतही चौपटच. लॅब तीच, एकक तेच. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी पोटात जातंय. शोधा." शोधा म्हणजे कुठे शोधू?

घरात पाच माणसं: मी, नवरा, १५ वर्षांचा मुलगा, लेक आणि सासूबाई. स्वयंपाकघर एकच, बाकीचे चौघं गहू खातात. तिचं पीठ वेगळं, डबे वेगळे (सगळ्यांना लाल झाकणं), तवा, लाटणं, टोस्टर, लोण्याची बरणी, सगळं वेगळं. पाकीट हातात आलं की आधी मागची बाजू वाचायची, हे मुलगासुद्धा करतो. बाहेर खाणं जवळपास बंद.

नवऱ्याचं म्हणणं, "तिला काही त्रास नाहीये ना, मग आकड्याच्या मागे किती धावायचं?" सासूबाई काही बोलत नाहीत, पण मी भांडी दुसऱ्यांदा घासायला घेतली की उठून बाहेर जातात.

कुठे बघू, सांगा. काहीही चालेल.

आडवाटे

शेवंती, आधी जरा बसा. दहापटीच्या वरून सुरुवात झाली असेल तर आकडा नॉर्मलला यायला दोन वर्षंही लागतात. माझ्या मुलाला अडीच लागली. पण तो उतरत राहायला हवा. तुमचा थांबलाय, म्हणून मी डॉक्टरांच्या बाजूने.

"त्रास नाही" याला या आजारात फार किंमत देऊ नका. पोट दुखत नसताना आतड्याला इजा चालू राहू शकते. ती मग दुसरीकडून कळते: रक्त कमी, हाडं ठिसूळ, उंची खुंटलेली.

आता प्रश्न. ओट्स देता का? डाळी-तांदूळ सुटे आणता की पाकिटातले? गव्हाचं पीठ घरात कोण मळतं, कुठे मळतं, किती वाजता? शाळेत ती नक्की काय खाते? नियमाने चालू असलेलं औषध काही?

तीन_तेरा

"किती वाजता" हा प्रश्न कुणाला विनोदी वाटेल, पण तो लाखमोलाचा आहे. मी स्वतः सीलिएक, १९ वर्षं झाली. कोरडं पीठ उडतं, हवेत तरंगतं, मग सावकाश खाली बसतं. कुठे? निथळत ठेवलेल्या ताटांवर, उघड्या पातेल्यावर, ओट्यावर कापून ठेवलेल्या फळावर. माझ्या बहिणीकडे माझं जेवण अगदी वेगळ्या भांड्यात व्हायचं, पण त्याच वेळी शेजारी परातीत पीठ चाळणं चालू असायचं. दोन वर्षं आम्ही मसाल्यांवर संशय घेत होतो.

आमचा नियम: सीलिएकवाल्याचा स्वयंपाक आधी, तो झाकून ठेवायचा, मग बाकीच्यांचं पीठ बाहेर काढायचं. आणि ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने नाही. कोरड्या फडक्याने पीठ फक्त जागा बदलतं.

सॅनिटायझरवरही विसंबू नका. ग्लूटेन हा जंतू नाही, प्रथिन आहे, मरणार कुठून? साबण-पाण्याने धुऊन काढायचं, बस. उकळून, भाजून, तळूनही जात नाही. ज्या तेलात मैद्याचं काही तळलं त्या तेलात बटाटा तळला की तो बटाटा आपल्यासाठी बाद.

लुकलुक

टोस्टरवरून आमच्या घरात घटस्फोटाची वेळ आली होती (गंमत हं). मग वाचनात आलं की काही संशोधकांनी चक्क एकाच टोस्टरमध्ये दोन्ही ब्रेड भाजून मोजमाप केलं आणि ग्लूटेन भीती होती त्याहून बरंच कमी चढलं. पण ज्या पाण्यात साधा पास्ता उकळला त्याच पाण्यात ग्लूटेन-मुक्त पास्ता उकळला, तर तो भरपूर खराब निघाला. म्हणजे आपण ज्याला घाबरतो ते आणि खरं घातक ते, हे एकच असेल असं नाही. तरी टोस्टर वेगळाच ठेवलाय. एकदा घेतलाय तर असू दे.

प्रयोगवही

थोडं गणित, कारण "किती म्हणजे फार?" हे डोळ्यासमोर असलं की शोधणं सोपं जातं.

"ग्लूटेन-मुक्त" लिहिण्यासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा २० पीपीएम आहे, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. असं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी पोटात १० मिलिग्रॅम जातं, आणि एवढं बहुतेक सीलिएक रुग्ण सहन करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर आतड्याचं अस्तर बिघडलं.

आता ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ढोबळ मानाने २ ग्रॅम ग्लूटेन धरा. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा तिचा चाळिसावा भाग झाला. मी एकदा कात्रीने खरंच चाळीस तुकडे केले. एक तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा आला. बशीत ठेवून बायकोला दाखवला, "रोज एवढं." त्या दिवसापासून आमच्याकडे "जरासं" हा शब्द बंद आहे.

म्हणून शेवंती, महिन्यातून एकदा घडलेल्या चुकीपेक्षा रोज किंवा दर आठवड्याला होणारी गोष्ट शोधा. आकडा एका जागी थांबलाय याचा अर्थ मला तरी असा वाटतो की काहीतरी नेमाने चाललंय.

ढवळाढवळ

सगळ्यांचा मान राखून विचारतो. माणूस हजारो वर्षं गहू खातोय. हे आजार आताच कुठून आले? मुलांना इतकं जपल्यामुळेच पोट नाजूक होतं असं माझं मत. रोज चिमूटभर देऊन हळूहळू वाढवत नेलं तर शरीराला सवय होणार नाही का? आमच्या घरात तर कुणालाच असलं काही नाही.

आडवाटे

ढवळाढवळ, नाव सार्थ केलंत.

आजार आताचा नाही. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरने १८८८ साली या मुलांचं नेमकं वर्णन करून ठेवलंय, आणि गुण आलाच तर आहारानेच येईल हेही. पण आहारातलं काय, ते कळायला पुढे साठ वर्षं गेली. मधल्या काळात, १९२४ पासून, अमेरिकेत या मुलांना केळी खाऊ घालायचे आणि मुलं सुधारायचीही. गंमत अशी की केळ्यात औषध नव्हतं, केळ्यात गहू नव्हता!

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. संशय त्याला युद्धाआधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. सगळा देश खंगत होता आणि सीलिएकची मुलं मात्र सुधारत होती. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला.

सवय होण्याबद्दल: शरीर इथे ग्लूटेनचं निमित्त करून स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. चिमूट वाढवत नेली तर हल्ला वाढेल, सवय लागणार नाही. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या अनेकांना तो आहे हे माहीतच नसतं. "आमच्या घरात कुणाला नाही" हे वाक्य तपासणीनंतरच म्हणता येतं.

ढवळाढवळ

केळ्याचं माहीत नव्हतं. ठीक आहे, वाचतोय.

शेवंती

सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.

ओट्स देत नाही. डॉक्टरांनी पहिलं वर्ष नको सांगितलं होतं, शिवाय साध्या ओट्समध्ये गहू-बार्ली मिसळलेली असते. डाळी सुट्या आणायची, त्या आता निवडायला बसले. ताटात पसरून दोन किलो मसूर निवडली तर गव्हाचे अकरा दाणे! मी ओळीने मांडून फोटो काढला. यापुढे निवडूनच, आणि धुऊन.

पीठ सासूबाई मळतात, सकाळी साडेसहाला. माझा स्वयंपाक सहा ते सात. म्हणजे तीन_तेरा म्हणाले अगदी तेच. कालपासून वेळा बदलल्या.

आणि चाळणी. तवा वेगळा, लाटणं वेगळं, पण पिठाची चाळणी एकच! गव्हाचं चाळून झालं की झटकायची, धुवायची, मग तिचं पीठ चाळायचं. काल खिडकीशी नेऊन उजेडात धरली. जाळी जिथे पत्र्याच्या कडेत दाबून बसवलेली असते ना, त्या दुमडीत पिठाची एक पांढरट रेघ, चाळणीभर गोल फिरलेली. टाचणीने उकरली तर भुकटी कागदावर पडली. धुऊन-धुऊन ती तिथे लांबीसारखी घट्ट बसली होती. मी चौदा महिने लाल झाकणं मोजत बसले आणि हे रोज हातात होतं.

नवी चाळणी आली, दांड्याला लाल दोरा बांधलाय.

तीन_तेरा

चाळणी! माझ्याही यादीत दुसऱ्या नंबरला होती, लिहायची राहिली. लाकडी उलथणी, चिरा पडलेला कापायचा फळा आणि जाळीची गाळणीही बघा. ज्याला भेगा आणि दुमडी आहेत ते आपलं नाही. स्टील, काच घासून साफ होतात, त्यांना दोन-दोन संच लागत नाहीत.

कोपऱ्यातली

मी एरवी लिहित नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

मला ७ व्या वर्षी सीलिएक निघाला, आता २३. माझ्या आईनेही असंच घर पालथं घातलं होतं. चाळण्या, डबे, डाळी, सगळं. आकडा हलेना. आणि मला माहीत होतं का ते. मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले की तिची आई सगळ्यांना बिस्किटं द्यायची, मी दोन खायचे. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा रात्रभर घाबरून जागी होते. काहीच झालं नाही. मग वाटलं, मोठ्यांचं काहीतरी चुकलंय.

शेवंतीताई, चाळणी बदललीत ते चांगलंच केलंत. पण तिला विचारलंत का? म्हणजे चौकशी नाही. माझ्या आईने विचारलं होतं, "तू काही खात तर नाहीस ना?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं. "नाही." अजून दोन वर्षं गेली त्यात.

मला कुणी असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं: "दिवसभरात तुला नाही म्हणायचा कंटाळा कधी येतो?"

लुकलुक

कोपऱ्यातली, तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. आमची ६ वर्षांची आहे.

प्रयोगवही

ग्लूटेनचे तुकडे लघवीत शोधणारी एक तपासणी असते, गेल्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पोटात गेलं असेल तर दाखवते. सगळीकडे मिळत नाही, आणि एकदा नकारार्थी आली म्हणजे सुटलो असंही नाही. डॉक्टरांना विचारून पाहा. पण पोरीवर पाळत ठेवायला ती वापरू नये असं माझं मत. घरात पोलीस स्टेशन झालं की मुलं वकील होतात.

शेवंती

धागा वर काढतेय. दहा दिवस झाले. लिहू की नको करत होते.

कोपऱ्यातली, तू सुचवलेला प्रश्न मी शब्दशः विचारला. रात्री, दिवा घालवल्यावर, तिचे केस विंचरता विंचरता. ती म्हणाली, "वाढदिवसाला."

वर्गात ३४ मुलं. कुणा ना कुणाचा वाढदिवस येतोच, कधी आठवड्यातून दोन. केक येतो. ही म्हणाली, "मी केक कधीच खात नाही आई. शप्पथ. मी फक्त वरचं क्रीम खाते. क्रीममध्ये गहू नसतो." मी विचारलं, कसं खातेस? तर चमच्याने करून दाखवलं. तुकडा ताटलीत घ्यायचा, क्रीम वरून खरवडायचं, खालचा केक मैत्रिणीला द्यायचा. आणि ती अगदी नीट खरवडते म्हणे. म्हणजे केकच्या पापुद्र्यापर्यंत.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "आजीने." पहिल्या वाढदिवसाला ही रडत घरी आली होती, मी कामावर होते. आजीने जवळ घेऊन सांगितलं, खालचं सोडायचं, वरचं खायचं, त्यात काय असतंय. सासूबाईंच्या डोक्यात पथ्य म्हणजे गहू खायचा नाही एवढंच. गव्हाला चिकटलेलंही चालत नाही हे मी त्यांना कधी नीट समजावलंच नव्हतं. मी फक्त भांडी दुसऱ्यांदा घासत होते, त्यांच्यासमोर, न बोलता.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही. लेकीला वाटत होतं ती पथ्य पाळतेय.

सासूबाईंना मी शक्य तितक्या हळू सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. त्यानंतर मोजकंच बोलतायत. मला काय करावं कळत नाहीये.

आडवाटे

वाचून घशात आवंढा आला.

सासूबाईंना वेळ द्या. आणि जमलं तर काम द्या, म्हणजे अख्खी जबाबदारी. आमच्याकडे वडिलांनी असंच काहीतरी केलं होतं. मग मी मुलाच्या डब्याचं खातंच त्यांच्याकडे सोपवलं. आठवडाभर माझे हात शिवशिवत होते, पण मागे उभी राहिले नाही. आज पाकिटावरचं "माल्ट" त्यांना माझ्याआधी दिसतं. (माल्ट म्हणजे बार्ली, नव्या मंडळींसाठी. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. आणि "गहूविरहित" म्हणजे "ग्लूटेन-मुक्त" नव्हे.)

कोपऱ्यातली

शेवंतीताई, तिने सांगितलं! अंधारात, केस विंचरताना. मला फार बरं वाटलं.

शाळेसाठी: वर्गशिक्षिकेकडे एक डबा कायम ठेवा, तिला मनापासून आवडणाऱ्या वस्तूंचा. पण त्याने सगळं भागत नाही, कारण दुःख केकचं कमी आणि हातात ताटली नसण्याचं जास्त असतं. म्हणून केक येणार हे तिला आदल्या दिवशी कळायला हवं. शिक्षिका पालकांना सांगू शकतात. मग ती स्वतःचा तुकडा घेऊन जाईल, क्रीमवाला, आणि सगळ्यांबरोबर खाईल. माझी आई एकदम बारा छोटे केक करून गोठवून ठेवायची. सकाळी एक डब्यात टाकला की मधल्या सुट्टीपर्यंत मऊ.

आणि तिला रागावला नाहीत ना?

शेवंती

नाही. रागावण्यासारखं काही नव्हतंच. तिने विचारलं, "आता क्रीमपण नाही?" मी म्हटलं, क्रीम आहे, ताटली बदलायची. काल वर्गशिक्षिकांशी बोलले, त्या लगेच तयार झाल्या. वाढदिवसांची यादीच मिळाली.

ढवळाढवळ

एक विचारू? सगळं घरच ग्लूटेन सोडत का नाही? एका मुलीसाठी दोन चाळण्या, दोन तवे, वेळापत्रक, लाल दोरे... त्यापेक्षा सगळेच एकसारखं खा. (आता मी तुमच्या बाजूला आलोय हे लक्षात घ्यावं.)

तीन_तेरा

आलात ते बरं झालं, बसा.

दोन्ही प्रकारची घरं पाहिलीत. पूर्ण ग्लूटेन-मुक्त घरात डोक्याला शांतता असते, मूल स्वतःच्या घरात कुठलाही डबा उघडू शकतं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण १५ वर्षांच्या भावाचं काय? "तुझ्यामुळे मला हे खावं लागतं" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. मी बहिणीकडे होतो तोवर ते मी ऐकलेलं आहे.

मधला मार्ग मला पटतो: गव्हाचं कोरडं पीठ घरात नको. बाकीच्यांना ब्रेड हवा तर तयार आणा, एका कोपऱ्यात, एका ट्रेवर खा. उडतं ते पीठ, ब्रेडचा फार तर चुरा सांडतो. रोजचं मुख्य जेवण सगळ्यांना चालेल असंच करायचं: भात, डाळी, भाज्या, अंडी, बटाटा, मका. यात कुणी कुणासाठी त्याग करत नाही, नुसतं जेवण असतं.

लुकलुक

पूर्ण सहमत. फक्त पाकिटबंद "ग्लूटेन-मुक्त" ब्रेड-बिस्किटांवर घर चालवू नका. त्यात बरेचदा तंतू कमी, साखर-चरबी जास्त. आम्ही पहिलं वर्ष तेच केलं आणि लेकीला असा बद्धकोष्ठ झाला की पुन्हा डॉक्टरांकडे. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा आलटून पालटून वापरायला लागलो तेव्हा सुटलो. पण पीठ विकतचं घ्याल तर ते गव्हाच्याच जात्यावर दळलेलं नाही ना, हे आधी विचारा.

प्रयोगवही

अवांतर वाटेल, पण कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. शेवंती, घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का? आई-वडील, भाऊ? सीलिएक रुग्णाच्या सख्ख्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार सापडतो, भावंडांमध्ये जरा जास्तच. पोटाची तक्रार असायलाच हवी असं नाही. रक्त कमी, तोंडात वारंवार फोड, दातांवर डाग, थायरॉइड, टाइप १ मधुमेह, यातलं काही असेल तर अजिबात टाळू नका.

शेवंती

मुलाची आणि माझी तेव्हाच झाली, दोघांची नकारार्थी. नवऱ्याने टाळली. "मी दगड पचवतो" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पण तुम्ही रक्त कमी म्हणालात आणि मी थबकले. चार वर्षं लोहाच्या गोळ्या घेतोय. हिमोग्लोबिन चढतं, गोळी थांबली की उतरतं. कुठे रक्तस्राव नाही, काही नाही. आम्ही कामाचा ताण म्हणून सोडून दिलं होतं.

प्रयोगवही

लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सीलिएकमध्ये सगळ्यात आधी झिजतो तोच भाग. मी डॉक्टर नाही, निदान करत नाहीये. पण टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) करायला सांगा. एकूण आयजीए यासाठी, की काहींच्या रक्तात आयजीए मुळातच नसतं. मग टीटीजी नकारार्थी दिसतं आणि आजार निसटतो.

तुमची आणि मुलाची नकारार्थी आलेली तपासणीही कायमची नसते. काही वर्षांनी किंवा लक्षणं दिसली तर पुन्हा. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर मात्र सीलिएकची शक्यता जवळपास संपते. असली म्हणून आजार होतोच असं नाही, ३०-४० टक्के लोकांत ती असतात.

शेवंती

कमाल झाली. नवऱ्याने काल रात्री हा अख्खा धागा वाचून काढला. सकाळी उठून म्हणतो, "सोमवारपासून मी पण गहू बंद. तिच्याबरोबर. तपासणी मग करू सावकाश." लेक त्याच्या गळ्यात पडली. मला रडू आलं.

तीन_तेरा

थांबवा त्याला!!

आडवाटे

शेवंती, प्लीज, आत्ताच्या आत्ता. तपासणीआधी ग्लूटेन सोडायचं नाही. सोडलं की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं, आणि मग रक्त काय, दुर्बिणीतून घेतलेले तुकडे काय, सगळंच फसवं येऊ शकतं. मग निदानासाठी पुन्हा गहू सुरू करा, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, निदान सहा आठवडे. मधल्या काळात बरं वाटायला लागलेल्या माणसाला ते फार जड जातं. माझ्या भावाने हेच केलं. आजतागायत त्याला आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि पुन्हा गहू खाऊन बघायची त्याची तयारी नाही.

रक्त पॉझिटिव्ह आलं तरी थांबायचं. तुमच्या लेकीचं रक्तावर भागलं, पण मोठ्यांना बहुतेक वेळा दुर्बीण करतात. ती होईपर्यंत खात राहायचं.

प्रयोगवही

+१. भावना बरोबर, क्रम चुकला.

शेवंती

सोमवारी रक्त दिलं. आज रिपोर्ट आला. टीटीजी पॉझिटिव्ह, नॉर्मलच्या सहापट. दगड पचवणारा माणूस दहा मिनिटं कागदाकडे बघत बसला होता. दुर्बिणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

तीन_तेरांचं ऐकून घरातलं गव्हाचं पीठ काल संपवलं, परात धुऊन वर ठेवली. त्यामुळे आता पंचाईत अशी की घरात एकट्यालाच गहू खायचाय, तोही डॉक्टरांच्या हुकुमावरून, सकाळ-संध्याकाळ. तर तो गॅलरीत उभा राहून ब्रेड खातो. दार लावून. खाऊन झालं की हात धुतो, तोंड धुतो, शर्टावरचा चुरा बाहेरच झटकतो आणि मग आत येतो. लेक काचेच्या आतून लक्ष ठेवून असते. काल तिने दार वाजवून त्याला परत पाठवलं, कॉलरवर चुरा होता.

सासूबाई अजून फारसं बोलत नाहीत. पण आज सकाळी लाल दोऱ्याची चाळणी घेऊन खिडकीशी उभ्या होत्या, उजेडात धरून. चष्मा लावून कडेने कडेने बघत होत्या. मी काही न बोलता माझा चहा घेऊन बाहेर गेले.